चार भागांचा प्रताप

हवेच्या दहा हजार भागांत जेमतेम चार भाग कर्बवायू. तो पृथ्वी काय तापविणार, असे विचारणारे सुशिक्षित आम्हांस अजून भेटतात. सूर्यप्रकाश हवेतून निर्वेध खाली येतो. तापलेली भूमी मात्र अदृश्य उष्णताकिरण वर सोडते. नायट्रोजन व प्राणवायू त्यांना वाट देतात. बाष्प व कर्बवायू अडवितात. टिंडल यांनी १८५९ सालीच हे प्रयोगाने दाखविले. ही पासोडी नसती तर पृथ्वी गोठली असती. पण कोळसा-तेल जाळून आपण ती जाड करीत आहोत: १९५८ साली हवाई बेटावर दहा लाखांत सुमारे ३१५ भाग भरलेला कर्बवायू २०२४ साली ४२० च्या वर गेला. तापलेले पाणी फुगते, बर्फ वितळते, समुद्र चढतो. आपल्या खाजनांचे बांध पूर्वजांनी जुन्या भरतीच्या मापाने घातले. डागडुजीचे अंदाजपत्रक करणाऱ्यांनी ते माप आता पुन्हा घ्यावे.