आवाज कुणाचा?

‘आवाज कुणाचा?’ ही आरोळी आपण मोर्च्यात ऐकली. आता हाच सवाल पोलीस स्टेशनात होतोय. आणि दोस्तहो, तिथं उत्तर तुम्ही नाही द्यायचं. ते दुसऱ्याचा कान देणार.

भिवंडीजवळचं वळ घ्या. शेतं गेली, गोदामं उभी राहिली. आगरी, बौद्ध, मराठवाड्याचे, यूपी-बिहारचे, सगळे तिथं पोटासाठी. समजा, एका गोदाममालकाला फोनवर धमकी आली. टेपमधला आवाज म्हणतो, ‘पानी पाजीन.’ झालं! ‘पानी’ म्हणणारा कोण? वस्तीतला पोरगा. उचला साल्याला!

अरे, पण ‘ण’चा ‘न’ कोण कोण करतं? आगरी बोली करते. ती ‘ळ’चा ‘ल’ही करते, तिच्या जिभेवर वळचं ‘वल’ होतं. मराठवाड्यातली, विदर्भातली आपली माणसंही ‘पानी’च म्हणतात. ही लाखोंची खूण आहे, एका माणसाची नव्हे. पांढरपेशा कानाला मात्र ती एकच ऐकू येते : अशुद्ध. हा कान शाळेत आपल्याला हसला, इंटरव्ह्यूत हसला. आता तो साक्ष द्यायला निघालाय.

खरा ऐकणारा काय करतो? एकच तुकडा पुन्हापुन्हा ऐकतो. श्वास कुठं तुटतो, स्वर नाकात जातो का, घसा घरघरतो का, बोलणं कुठं थबकतं, हे टिपतो. मग यंत्रावर मोजतो. मागाचा खडखडाट, ट्रकचा हॉर्न, साध्या टेलिफोनची 300 ते 3400 हर्ट्झची अरुंद पट्टी, यांत आवाजाचं काय गळालं ते हिशेबात धरतो. आणि शेवटी विचारतो : दोन आवाज सारखे, कबूल. पण असं साम्य याच बोलीच्या किती माणसांत सापडेल? हा सवाल जो विचारत नाही तो तज्ज्ञ नव्हे, पोलिसांचा ठेवणीतला पंच.

कानाचा भरवसा किती? अमेरिकेत फ्रान्सिस मॅक्गिही यांनी 1937 साली प्रयोग छापला. अनोळखी आवाज दुसऱ्या दिवशी 83 टक्के लोकांनी ओळखला. पाच महिन्यांनी फक्त 13 टक्क्यांनी. आपल्या सुप्रीम कोर्टानंही 2011 साली महाराष्ट्रातल्याच खटल्यात सांगितलं की, आवाज ओळखणं चेहरा ओळखण्यापेक्षा फार अवघड. त्याच कोर्टानं 2019 साली मॅजिस्ट्रेटला आवाजाचा नमुना देण्याचा हुकूम काढायची मुभा दिली. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 349 मध्येच आलं. कारण नोंदवलं की अटक न झालेल्याचाही नमुना मागता येतो.

गौतम धर्मसूत्रानं वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात कथील ओतायला सांगितलं. तेव्हा आपला कान बंद केला. आज आपला आवाज पकडतात, आणि ऐकायचा अधिकार पुन्हा त्यांचाच!

नमुना घ्या. पण ऐकणारा ती बोली जाणणारा हवा. त्याला आरोपीचं आडनाव, वस्ती सांगू नका. त्याच बोलीतले दुसरे आवाज तुलनेला ठेवा. वकिलांनो, कोर्टात हे विचारल्याशिवाय खाली बसू नका.

आणि पोरांनो, घोषणा पुष्कळ झाल्या. ध्वनिशास्त्र शिका. कलिन्याच्या प्रयोगशाळेत घुसा. हेडफोन आपल्याही कानावर चढू द्या!