बॉम्बच्या प्रश्नावर आपले खासदार काय बोलणार?

२१ जुलै २०२५ पासून संसदेचं पावसाळी अधिवेशन सुरू झालं. पिशोरला बसून दिल्लीकडे काय मागायचं? रस्ता, वीज, पीकविमा, मक्याला भाव. ते मागायचंच. पण १३ ते २४ जून २०२५ या काळात इस्राईल आणि इराणमध्ये जे चाललं होतं, त्या दिवसांत आखातात माणूस असलेल्या घरांना झोप नव्हती. २३ जूनला इराणने कतारमधल्या अल उदेद या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली, कतारने आकाश बंद केलं, विमानं अडकली. ज्याचा पोरगा दोह्यात आहे, त्याला परराष्ट्र धोरण समजावून सांगावं लागत नाही. आणि ज्याचा नाही, त्याच्या डिझेलचं न् खताचं गणितही त्याच समुद्रातून येतं.

भांडण अण्वस्त्रांचं आहे, असं सांगितलं गेलं. मग जरा हिशोब बघू. अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर इराणची सही आहे. इस्राईलने सही कधीच केली नाही, आपल्याकडे बॉम्ब आहे की नाही हेही तो उघड सांगत नाही. २०१५ साली इराणने सहा देशांशी समझोता केला: युरेनियम ३.६७ टक्क्यांच्या वर शुद्ध करायचं नाही, तपासणीसांना येऊ द्यायचं. इराण अटी पाळतोय, असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था सांगत असताना मे २०१८ मध्ये ट्रम्प त्यातून बाहेर पडले. त्यानंतर इराण ६० टक्क्यांपर्यंत गेला. बॉम्बला साधारण ९० टक्के लागतं. हे इराणनेही बरं केलं नाही, एवढं आम्ही स्पष्ट म्हणतो. पण २२ जूनला अमेरिकेने फोर्दो, नतांझ, इस्फहानवर बॉम्ब टाकून मिळवलं काय? २ जुलैला इराणने संस्थेशी सहकार्य थांबवलं, दोन दिवसांत तपासणीस देश सोडून गेले. डोळा होता तोही गेला.

हे चित्र आपण आधी पाहिलंय. २००३ साली इराकमध्ये महासंहारक शस्त्रं आहेत म्हणून हल्ला झाला. शस्त्रं निघाली नाहीत. त्या वेळी आपल्या लोकसभेने काय केलं, हे आजच्या तरुण पोरांना बहुतेक माहीत नसेल. ८ एप्रिल २००३ ला सभागृहाने एकमताने ठराव केला, युद्ध थांबवा आणि फौजा मागे घ्या, असं म्हटलं. शब्दावरून बरीच ओढाताण झाली, शेवटी हिंदी मसुद्यात ‘निंदा’ आलं. लोकसभेचे अध्यक्ष कोण होते? शिवसेनेचे मनोहर जोशी, महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री. सरकार वाजपेयींचं. पुढे जुलैत अमेरिकेने मागूनही त्याच सरकारने इराकला फौज पाठवली नाही. म्हणजे शांततेची बाजू घेणं ही काही एका पक्षाची किंवा फक्त मुसलमानांची मागणी नव्हती. आज कुणी हा विषय काढला की लगेच त्याचा धर्म बघितला जातो, म्हणून हे आठवून देतोय.

आणि खासदारांना हे काम जमत नाही असंही नाही. मे २०२५ मध्ये पहलगाम आणि ऑपरेशन सिंदूरनंतर सर्वपक्षीय शिष्टमंडळं बाहेर गेली. सुप्रिया सुळे कतार, इजिप्त, इथिओपिया, दक्षिण आफ्रिकेला. श्रीकांत शिंदे अमिरात आणि आफ्रिकेत. ओवेसी साहेब सौदी, कुवेत, बहारीन, अल्जेरियाला गेलेल्या शिष्टमंडळात. देशाची बाजू त्यांनी मांडली, चांगलं झालं. मग परत आल्यावर सभागृहात विचारायला काय हरकत आहे, की १२ जूनला गाझातल्या युद्धबंदीच्या ठरावाला संयुक्त राष्ट्रांत १४९ देशांनी हो म्हटलं, तेव्हा भारत तटस्थ का राहिला?

आता एक अवघड गोष्ट. प्रसारबंदी करारावर भारताचीही सही नाही. ज्या पाच देशांनी १९६७ च्या आधी बॉम्ब फोडला त्यांनी ठेवायचा, बाकीच्यांनी नाही, हा न्याय आपल्याला मान्य नव्हता. आक्षेप खरा आहे. पण तो खरा ठरतो तो सगळ्यांचे बॉम्ब संपवा असं म्हणत राहिल्यानेच. १९८८ मध्ये राजीव गांधींनी तसा आराखडा संयुक्त राष्ट्रांत मांडला होता. त्याचं नाव तरी आज कोण घेतं? २०२२ मध्ये महासंहारक शस्त्रांना पैसा पुरवण्यावर बंदी घालणारी दुरुस्ती संसदेने केली, ती बातमी आली तशी गेली.

आपल्या घरातही बोलायला हवं. त्या बारा दिवसांत क्षेपणास्त्रांचे व्हिडिओ क्रिकेटच्या सिक्सरसारखे फिरत होते. पाकिस्तानच्या बॉम्बला काही लोक ‘इस्लामी बॉम्ब’ म्हणतात, ते ऐकून आम्हाला लाज वाटते. शहरच्या शहर जाळणाऱ्या वस्तूला कसला आलाय मजहब? हुदैबियात हुजूर सल्ल. यांनी तहाच्या कागदावरचं ‘रसूलुल्लाह’ हे लिहिलेलं काढायला सांगितलं, सोबतच्यांना ते कडू लागलं, तरी सुलह केली. ती गोष्ट आपण जुम्याला ऐकतो आणि बाहेर येऊन व्हिडिओ फॉरवर्ड करतो.

तेव्हा आपले खासदार भेटले, पक्ष कुठलाही असो, तर पाण्याच्या अर्जाबरोबर एक प्रश्न द्या. भारत आणि पाकिस्तानने १९८८ च्या ३१ डिसेंबरला करार केला, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलनंतर दिली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतरही दिली. असाच नियम पश्चिम आशियातही असावा, असं भारत का सुचवत नाही, एवढंच विचारा. उत्तर लेखी मागा.