वजन उचलायला लावण्याआधी विचारायला शिका

घरी मराठी आणि बाहेर हिंदी-छत्तीसगढी बोलत कुम्हारीत मोठ्या झालेल्या मुलामुलींनो, तुमच्यापैकी ज्यांना जिममध्ये ट्रेनर व्हायचं आहे, त्यांच्याशी थोडं स्पष्ट बोलायचं आहे. स्वतःचे दंड कमावणं चांगलंच. पण लोक पैसे देतात ते त्यांचं शरीर तुम्हाला कळतं म्हणून.

आपल्याच भागाचं बघा. छत्तीसगड आणि विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक दोष मोठ्या प्रमाणावर आढळतो. आई किंवा वडील, एकाकडूनच तो दोष आलेला माणूस, म्हणजे वाहक, एरवी ठणठणीत असतो. पुष्कळदा त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं. अशा माणसाला मे महिन्यात, पुरेसं पाणी न देता, दम न खाऊ देता सेटवर सेट मारायला लावले, तर त्याच्या तांबड्या पेशी वाकड्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकू शकतात आणि तो कोसळू शकतो. अमेरिकेत कॉलेजचे धडधाकट खेळाडू असे दगावले, तेव्हा कुठे २०१० मध्ये तिथल्या वरच्या श्रेणीच्या कॉलेजांत तपासणीचा नियम आला. आपल्याकडे जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम चालू आहे. म्हणून नवा माणूस आला की विचारा: सिकलसेलची तपासणी झाली आहे का? छातीत दुखतं का, चक्कर येते का, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत का? तपासणीत दोष निघाला असेल किंवा बाकी कशाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर डॉक्टरांचा सल्ला मिळेपर्यंत जड व्यायाम देऊ नका. जिमचा मालक घाई करत असला तरीही.

प्रमाणपत्राचं म्हणाल, तर सुरुवात ‘फिटनेस ट्रेनर’ या सरकारमान्य कौशल्य अभ्यासक्रमापासून करावी, असं माझं मत आहे. ‘एसीई’ (अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज) या संस्थेसारखी अमेरिकन परीक्षा त्यानंतर. ती तीन तासांची, १५० प्रश्नांची. प्रमाणपत्र दोन वर्षांनी नव्याने करावं लागतं आणि त्यासाठी पुढचं शिक्षणही दाखवावं लागतं. रीतसर पदवीच हवी असेल, तर १९१४ साली स्थापन झालेलं अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. नागपूरच्या पुढे बडनेऱ्याला उतरायचं. चार दिवसांत ‘मास्टर ट्रेनर’ करून देणाऱ्यांकडे मात्र फिरकू नका.

पावडर विकून कमिशन घेण्याचा आग्रह होईल, कोणी इंजेक्शनंही पुढे करेल. स्टेरॉइडने हृदय, यकृत बिघडतं, मूल होण्यात अडचण येते. असलं काही देणाऱ्या जिममध्ये पगार जास्त मिळाला तरी राहू नका.

आणि सीपीआर, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबून करायचा प्रथमोपचार, हाताने करून शिका. मिनिटाला १०० ते १२० वेळा, छाती किमान पाच सेंटिमीटर दबेल इतका जोर लागतो. व्हिडिओ बघून तो जमत नाही. ‘एसीई’च्या परीक्षेलाही त्याचं प्रमाणपत्र आधी लागतं. रायपूर किंवा भिलाईत असा वर्ग कुठे भरतो, याची चौकशी याच आठवड्यात करा.