राजमुद्रा काय सांगते आणि काय सांगत नाही

चिनी सुलेखनात वांग शीचि याचे जे स्थान आहे, ते दुसऱ्या कोणालाही मिळालेले नाही. चौथ्या शतकातल्या या लेखकाच्या हातचे एकही अक्षर आज उरलेले नाही, असे बहुतेक अभ्यासक मानतात. बीजिंग, तैपेई आणि जपानमध्ये जे जतन केलेले आहे, ते सारे नंतरच्या नकलाकारांचे काम आहे. तरीही त्या कागदांवर एकामागून एक सम्राटांच्या लाल मुद्रा उमटलेल्या असतात आणि पाहणारा त्या मुद्रांनाच पुरावा समजतो. ही समजूत सोडायला हवी. मुद्रा सांगते की हा कागद अमक्याच्या ताब्यात होता. तो कोणी लिहिला, हे ती सांगत नाही. शिवाय ज्या दरबारी हावेने या मुद्रा उमटवल्या, तिनेच बनावट अक्षरांचा धंदाही पोसला.

याचा दाखला फार जुना आहे. इ.स. ४७० मध्ये यू हो या अधिकाऱ्याने आपल्या सम्राटाला एक निवेदन सादर केले. राजघराण्यातल्या एका सरदाराला जुन्या हस्ताक्षरांचा नाद होता आणि मागेल ती किंमत मोजायची त्याची तयारी होती, असे त्यात नोंदले आहे. मग लबाड लोकांनी नकला करायला सुरुवात केली. गवती छपरातून झिरपणाऱ्या पाण्याने ते कागद रंगवत, चुरगाळून हाताळत आणि जुन्यासारखे करून विकत. अस्सल आणि नक्कल इतकी मिसळून गेली की ओळख पटेना. वांग शीचिच्या मृत्यूला तेव्हा जेमतेम एक शतक लोटले होते. पुढे सातव्या शतकात तांग वंशाच्या सम्राट ताइचुंगने त्याची अक्षरे देशभरातून मोबदला देऊन गोळा केली, तेव्हा खऱ्याखोट्याची निवड करण्यासाठी चू स्वेल्यांगसारख्या जाणकाराला बसवावे लागले. इ.स. ९९२ मध्ये सुंग दरबाराने आपल्या संग्रहातली अक्षरे कोरून घेतली आणि त्यांचे ठसे मानाने वाटले. त्या ठशांत खोटी अक्षरे किती शिरली आहेत, हे पुढच्या शतकात सुलेखनकार मी फू याने दाखवून दिले. हाच मी फू मालकाकडून अस्सल कागद उसना आणून नक्कल परत करतो, अशीही त्याची ख्याती होती.

सर्वांत बोलका पुरावा मात्र छिंग सम्राट छ्येनलुंगचा आहे. १७४६ मध्ये त्याने आपल्या छोट्या अभ्यासिकेला ‘तीन दुर्मीळ वस्तूंची खोली’ असे नाव दिले. त्या तीन वस्तू म्हणजे वांग शीचि, त्याचा मुलगा वांग श्येनचि आणि त्यांच्याच कुळातला वांग श्युन यांची हस्ताक्षरे. आजच्या अभ्यासकांच्या मते पहिले हस्ताक्षर तांग काळातली नक्कल आहे आणि दुसरे बहुधा मी फूच्या हातचे. अस्सल मानले जाते ते फक्त तिसरे. पहिल्या पत्रात अवघी २८ अक्षरे आहेत, पण त्याच्या भोवती सम्राटाने वर्षानुवर्षे सत्तरहून अधिक टिपणे लिहिली. चित्रांच्या बाबतीत तर कहर झाला. हुआंग गोंगवांगच्या ‘फूचुन पर्वत’ या प्रसिद्ध चित्राच्या पटाची एक नक्कल १७४५ मध्ये त्याच्याकडे आली. ती अस्सल ठरवून त्याने तिच्या मोकळ्या जागा आपल्या लेखणीने भरून टाकल्या. वर्षभरातच खरा पट आला. आता आधीचा निवाडा बदलायचा कसा? सम्राटाने खऱ्यालाच नक्कल ठरवले, चित्रण चांगले आहे म्हणून विकत घेतले आणि त्यावर तसा अभिप्राय लिहवून घेतला. या चुकीमुळेच खरा पट सम्राटाच्या टिपणांपासून वाचला. ज्याच्या शब्दाला दरबारात कोणी आव्हान देऊ शकत नाही, त्याच्या हाती पारख सोपवली की काय होते, ते इथे स्पष्ट दिसते.

यावर पहिला आक्षेप असा की चिनी परंपरेत नक्कल करणे पाप नव्हतेच. गुरूचे अक्षर गिरवूनच शिष्य घडत असे. हे खरे आहे. अक्षराच्या कडा रेखून आत शाई भरण्याची तांग नकलाकारांची पद्धत तर विलक्षण कौशल्याची होती. पण ताइचुंगच्या दरबारात तयार झालेली प्रत नक्कल म्हणूनच राजपुत्रांना व अधिकाऱ्यांना दिली जाई. छपराच्या पाण्यात बुडवलेला कागद जुना म्हणून विकला जाई. दोघांत हाताचे कसब सारखे असेल, वस्तूसोबत सांगितली जाणारी हकीकत सारखी नव्हती. प्रामाणिक प्रतीचा मान राखायचा असेल, तर ही रेषा अधिकच ठळक आखली पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दरबारांनी गोळा केले नसते, तर यातले काय उरले असते? पण एका ठिकाणी साठवणे म्हणजे राखणे नव्हे. ५५४ मध्ये शत्रू वेशीवर आल्यावर ल्यांग वंशाच्या सम्राटाने स्वतःच्या संग्रहालाच आग लावली. वांग शीचिची ३५३ सालची सुप्रसिद्ध ‘लानथिंग’ प्रस्तावना ताइचुंगने आपल्या थडग्यात नेली, असे परंपरा सांगते. ते खरे असो वा नसो, मूळ कागद पुन्हा कुणाच्या नजरेस पडला नाही. आपल्यापर्यंत पोहोचल्या त्या दरबाराबाहेर गेलेल्या प्रती आणि दगडावरून घेतलेले ठसे. म्हणजे संग्राहकांचे आभार मानायचे असतील, तर ते साठवणुकीबद्दल नव्हे, वाटपाबद्दल मानावेत. आणि त्यातही या प्रस्तावनेचा मजकूर वांग शीचिचाच का, हा प्रश्न मिटलेला नाही. १९६५ मध्ये इतिहासकार क्वो मोरोने नानजिंगजवळ सापडलेल्या त्या काळच्या समाधिलेखांकडे बोट दाखवून ती नंतरची बनावट असल्याचा दावा केला आणि काओ अरश या अभ्यासकाने त्याला जाहीर उत्तर दिले. एका बाजूला दगडावरची अक्षरे, दुसऱ्या बाजूला कागदावरची, आणि दोन्ही वाचकांसमोर मांडलेली: पारख अशीच व्हायला हवी.

बाजाराने मात्र हा धडा अर्धाच घेतला आहे. २०१० मध्ये बीजिंगच्या लिलावात वांग शीचिच्या पत्राच्या जुन्या प्रतीला ३० कोटी ८० लाख युआन मिळाले. ती प्रत आहे हे जाहीर होते, म्हणून त्या किमतीला हरकत घेण्याचे कारण नाही. २०१३ मध्ये न्यूयॉर्कला सुंग काळातला कवी सू शी याच्या नावावरच्या नऊ अक्षरांच्या पत्राला ८० लाख डॉलरहून अधिक किंमत आली आणि शांघाय संग्रहालयाच्या अभ्यासकांनी ते नंतरच्या काळातली नक्कल असल्याचे सांगितले. लिलावगृहाने ते अमान्य करून आपली बाजू मांडली. त्या वादात संग्राहकांचे शिक्के आणि जुन्या नोंदी पुन्हा साक्षीदार म्हणून उभ्या राहिल्या. त्यांची साक्ष जरूर ऐकावी, पण मालकीपुरती. लेखक कोण, हे शाईच्या आणि रेषेच्या तपासणीतूनच ठरवावे लागेल. ती तपासणी विकणाऱ्याने नव्हे, विक्रीत ज्याचा पैसा गुंतलेला नाही त्याने करावी आणि तिची कारणे लिलावाआधी छापून मिळावीत.