इम्युनोथेरपी सुरू असताना तोंडाची काळजी

खर्ऱ्याच्या नादाने नागपुरात किती घरे पोळली, हे सांगायला नको. बेसा परिसरातील लोकांना जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटचा रस्ता ओळखीचा आहे. आता तिथे ‘इम्युनोथेरपी’ हा शब्दही कानावर पडतो.

कॅन्सर आपल्या प्रतिकारशक्तीला लगाम घालतो. निव्होलुमॅबसारखी औषधे तो लगाम सोडवतात. औषध महाग, म्हणून मुंबईच्या टाटा रुग्णालयाने डोक्या-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरमध्ये तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम देऊन पाहिले. गोळ्यांच्या केमोला ही जोड दिल्यावर वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 16 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेले.

पण लगाम सुटलेली प्रतिकारशक्ती कधी आपल्याच तोंडावर उलटते. तोंड कोरडे पडते, चव जाते, फोड येतात, गालाच्या आत जाळीसारख्या पांढऱ्या रेषा उमटतात. हे काही महिन्यांनी, औषध थांबल्यावरही होऊ शकते.

घरी काय करावे? पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा व त्याच्या निम्मे मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भराव्यात. वुजूच्या वेळा ठरलेल्याच आहेत. त्याआधी ही चूळ भरली की विसर पडत नाही. तोंड सोललेले असेल तर मिस्वाक काही दिवस बाजूला ठेवून मऊ ब्रश वापरावा. स्पिरिट असलेले माउथवॉश, तिखट सालन, लिंबू-लोणचे टाळावे. मऊ खिचडी, दलिया, दही, थंड केलेली यखनी चालते. पाणी घोटघोट प्यावे. रोजाची चिंता करू नये. आजाऱ्याला दुसऱ्या दिवसांत रोजे पूर्ण करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे.

पुसून निघणारा पांढरा थर बहुधा बुरशीचा असतो, त्याचे औषध वेगळे. जाळीदार रेषा व फोडांवर डॉक्टर स्टेरॉइडचे मलम किंवा गुळण्या देतात. दुकानातून स्वतः आणू नये. इंजेक्शनही आपल्या मनाने बंद करू नये. दात काढायचा असेल तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारावे.

कोरड्या तोंडासोबत खूप तहान आणि वारंवार लघवी होत असेल तर त्याच दिवशी साखर तपासून घ्यावी. या औषधाने क्वचित अचानक मधुमेह होतो. घास गिळता येत नसेल, डोळे किंवा त्वचेवरही फोड आले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

आपले बुजुर्ग सहसा तक्रार करत नाहीत. ताट अर्धे परत आले, तर अब्बांना, अम्मींना एवढेच विचारा: तोंड दाखवता का?