हक्कसोडपत्रावरची सही

आमच्या औरंगाबादेत घरात मय्यत झाली की चाळीसाव्यापर्यंत सगळे एकत्र रडतात. मग कागद निघतात. मुस्लिमांच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचे नाही. बँकेतल्या ठेवींसाठी दिवाणी न्यायालयाचे सक्सेशन सर्टिफिकेट लागू शकते; नॉमिनी असला तरी तो मालक ठरत नाही.

शरियतचा क्रम स्पष्ट आहे. आधी दफनाचा खर्च, मग कर्ज, त्यात पत्नीचा थकलेला मेहरही. मग वसियत, तीही उरलेल्याच्या एक तृतीयांशापर्यंतच. शेवटी वारसांचे हिस्से.

सूरह निसाने मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा दिला. तोही आपण बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेऊन काढून घेतो. 1937च्या शरियत कायद्यासाठी मोर्चे काढणाऱ्यांनी तो आधी रजिस्ट्री ऑफिसात पाळावा.