हौशी माणसाची स्वारी

'रेड' म्हटले की आपल्या मध्यमवर्गीय मनाला प्राप्तिकर खात्याची माणसे आठवतात आणि उगाचच कपाटाकडे नजर जाते. परंतु संगणकावरच्या ऑनलाइन खेळांत 'रेड' म्हणजे चक्क स्वारी! अनेक खेळाडूंनी जमायचे, कोणी ढाल व्हायचे, कोणी जखमा बऱ्या करायच्या, उरलेल्यांनी प्रहार करायचे आणि एखाद्या अजस्र राक्षसाला लोळवायचे. आपले पात्र शेवटच्या पातळीला पोहोचले की हा खेळ सुरू होतो. म्हणून त्याला 'एंडगेम' म्हणतात. कथेचा शेवटही बहुधा तेथेच दडलेला असतो.

दिवसभर नोकरी करून रात्री तासभर खेळणाऱ्या माणसाला हा शेवट पाहायला मिळावा की नाही, यावर खेळाडूंत जुना वाद आहे. मीही त्या तासभरवाल्यांपैकीच. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारला की माझी स्वारी निघते आणि घरातून हाक आली की माघारी फिरते.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ २००४ साली आला. तेव्हा मोठ्या स्वारीला ४० खेळाडू लागत. ४० माणसे एका वेळी जमवणे म्हणजे काय, हे ज्याने लग्नघरी पंक्ती बसवल्या आहेत त्याला सांगायला नको. २००६ साली त्यात 'नॅक्सरामस' हे मृतांचे नगर उघडले. पण त्याचा शेवट फार थोड्यांनी पाहिला. २००८ साली तेच नगर १० आणि २५ जणांसाठी पुन्हा उभारले गेले. २०११ मध्ये 'रेड फाइंडर' आला. नाव नोंदवा, यंत्रच अनोळखी सोबती जुळवून देईल. राक्षसही जरा मवाळ. दार उघडले खरे, पण आत कोणी कोणाशी बोलेना. लोकलच्या डब्यात निदान भजनी मंडळ तरी असते!

मला खरा उपाय वाटला तो २०१३ सालचा. १० पासून २५ पर्यंत जितके येतील तितके यावेत. राक्षसाचे बळ त्या बेताने कमीजास्त होईल. २०२४ साली तर एका स्वारीतली शेवटची लढाई एकट्यालाही अनुभवता येण्याची सोय झाली.

कसलेले खेळाडू विचारतात, सगळ्यांनाच शिखर दाखवले तर चढणाऱ्याची किंमत काय? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच सर्वांत अवघड पायरी २०१४ मध्ये नेमक्या २० जणांची ठरली, हेही योग्यच झाले.

परंतु आमच्यासारख्यांना इंग्रजीत 'कॅज्युअल' म्हणतात, ते मात्र मला खटकते. त्यात बेफिकिरीचा वास आहे. मराठीत चांगला शब्द आहे, 'हौशी'. आपला हौशी नट कचेरी सुटल्यावर तालमीला येतो. राज्य नाट्य स्पर्धेत परीक्षक त्याला हौशी म्हणून पहिल्या अंकानंतर घरी पाठवीत नाहीत आणि वाईट अभिनयाला बक्षीसही देत नाहीत. स्वारीचेही तसेच असावे. परीक्षा कौशल्याची घ्यावी, रिकाम्या वेळेची नव्हे.

आम्ही अकरा जण शनिवारी रात्री जमतो. कोणाचे मूल उठले तर सारे थांबतात. राक्षस बिचारा वाट पाहतो.